अवैध आकडे : शून्य

आकडा कधी खोटं बोलत नाही, असं जाणती माणसं सांगतात. ते खरंच आहे. आकडा मुळात बोलतच नाही, आणि जो बोलत नाही त्याच्याइतकं विश्वासाचं या जगात दुसरं कोण? माणसाचं तसं नसतं. माणसाला "कसे आहात?" म्हणून विचारावं, तर तो सांगायलाच लागतो.

हा धोका वेळीच ओळखून ज्येष्ठांच्या त्या निवासानं (चार मजले, एक लिफ्ट, प्रत्येक खोलीला खिडकी, उघडणारी नव्हे, पण खिडकी) एक आदर्श उपक्रम सुरू केला होता. सकाळी सिस्टर टॅबलेट घेऊन खोल्याखोल्यांतून फिरे आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारी : "आज शून्य ते शंभरपैकी किती बरं वाटतंय?" उत्तर टॅबलेटवरच्या चौकटीत जाई, चौकटीतून यंत्रात, आणि यंत्रातून नातेवाइकांच्या फोनवर. तेही आकड्याच्या रूपात नव्हे, कारण नातेवाईक कामात असतात. त्यांना फक्त एक ठिपका दिसे. आकडा चाळीसच्या खाली गेला तर ठिपका लाल, कार्यालयात घंटा आणि सर्वांची धावपळ. एरवी ठिपका हिरवा आणि सर्वत्र शांती.

ही सगळी व्यवस्था एकाच बाईनं जावास्क्रिप्ट नावाच्या संगणकी भाषेत लिहिली होती. निवासात तिला प्रोग्रामर मॅडम म्हणत. फक्त दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत राहणारी एक म्हातारी तिला बबडी म्हणे. ती तिची आई. कर्मचाऱ्याच्या एका पालकाला निवासात जागा मिळावी असा नियम होता, आणि नियमाचा मान राखणं हे बबडीच्या हाडीमासी खिळलेलं होतं.

चौथ्या मजल्यावर लेक आणि दुसऱ्यावर आई, म्हणजे योगच म्हणायचा, असं कुणालाही वाटेल. पूर्वी तसं होतंही. बबडी दुपारी डबा घेऊन खाली जायची. आई त्यातली भाजी चाखून म्हणायची, "मीठ विसरलीस." बबडी म्हणायची, "तुझ्या जिभेची चव गेलीय." मग दोघी मनसोक्त भांडून पोटभर जेवायच्या. या पद्धतीत एक मोठा दोष होता. आई बरी आहे की नाही, एवढी साधी गोष्ट कळायला अख्खी दुपार खर्ची पडे. ठिपका आला आणि तेच काम डोळ्याचं पातं लवायच्या आत होऊ लागलं. बबडी सकाळी खुर्चीत बसली की आधी फोन हाती घेई, ठिपक्याचं दर्शन घेई, तो हिरवा दिसला की मनातल्या मनात हात जोडी आणि मगच कामाला लागे. हा नेम तिनं कधी मोडला नाही. कणकण असली तरी नाही, रजेवर असली तरी नाही. श्रद्धा असावी तर अशी. फक्त दोन जिने उतरायचे तेवढे राहून जात.

आता यंत्राविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढं जे झालं त्यात यंत्राचा काही दोष नव्हता, हे निवासाच्या समितीनं लेखी कळवलेलं आहे.

चौकटीत जे टाइप होतं ते यंत्राच्या लेखी नुसता मजकूर असतो. दिसायला आकडा असला तरी मजकूरच. त्याचा आकडा करून घ्यावा लागतो. मजकुरात नुसतं ७० असेल तर त्याचा सत्तर होतो. पण कुणी "चाललंय आपलं" असं लिहिलं, तर त्याचा काय आकडा होणार? अशा वेळी जावास्क्रिप्ट रागावत नाही, थांबत नाही, कुणाला हाकसुद्धा मारत नाही. सोशिक थोरल्या सुनेसारखी ती निमूटपणे एक खास वस्तू ताटात वाढते. तिचं नाव नॅन. नॅन म्हणजे 'हा आकडा नव्हे'. आणि या नॅनला विचारलं, की बाबा रे, तुझी जात कोणती? तर तो छाती पुढं काढून सांगतो : आकडा. (हसू नये. "मी काही पाहुणा नाही, घरचाच आहे" असं म्हणून तीन महिने राहणारी माणसं आपण पाहिलेली आहेत.)

पण आकड्याच्या चौकटीत शब्द येतीलच कशाला? त्याचं श्रेय कायदा सल्लागारांना. सुरुवातीच्या दिवसांत एका सिस्टरनं कुणाच्या तरी "ठीक" या उत्तराचे स्वतःच्या मनानं ऐंशी केले. नातेवाइकांनी हरकत घेतली, की आमचे काका ऐंशी म्हणणं शक्यच नाही, ते आयुष्यात पंचावन्नच्या वर गेलेले नाहीत. तेव्हापासून नियम झाला : रहिवाशाचं उत्तर जसंच्या तसं नोंदवावं, काना-मात्रेचाही फरक करू नये. आणि म्हातारी माणसं म्हणजे काय, त्यांना 'किती' विचारलं की ती 'का'पासून सुरुवात करतात. त्यामुळे चौकटीत रोज असा ऐवज जमा होई :

"काय मेलं बरं वाटायचंय."

"आधी तो पंखा दुरुस्त करा, मग सांगते."

"तूच लिही गं काहीतरी, तुला चांगलं अक्षर आहे."

"सूनबाईंना विचारा. मला कसं वाटतं ते त्यांनाच ठाऊक असतं."

सिस्टर ते इमानानं टाइप करी. आणि ठिपके हिरवे होत.

कसे होत, तेही पाहण्यासारखं आहे. यंत्र विचारी : हा आकडा चाळीसपेक्षा कमी आहे का? नॅन म्हणे : नाही. कमी नाही म्हणजे लाल नाही, आणि लाल नाही म्हणजे हिरवा. (चाळीसपेक्षा जास्त आहे का, असं विचारलं असतं तरी तो नाहीच म्हणाला असता. पण तसं कुणी विचारलं नाही. नसते प्रश्न विचारायची निवासात पद्धत नव्हती.)

बबडी निष्काळजी होती, असं मात्र कुणी म्हणू नये. चौकटीत भलतंसलतं येईल हे तिनं आधीच हेरलं होतं आणि त्यासाठी एक तपासणीही ठेवली होती. प्रत्येक उत्तराचा आकडा केला, की यंत्र स्वतःलाच विचारी : हा नॅनच्या बरोबरीचा आहे का? असला तर अवैध म्हणून बाजूला काढायचा. तपासणी चोख होती. अडचण एवढीच, की नॅन कुणाच्याच बरोबरीचा नसतो, अगदी दुसऱ्या नॅनच्याही नाही. त्याला आरशासमोर उभं केलं तरी तो म्हणतो, "यांना मी ओळखत नाही." त्यामुळे तपासणीचं उत्तर रोज 'नाही' असंच येई, आणि दरमहा व्यवस्थापकांच्या टेबलावर अहवाल जाई : अवैध आकडे, शून्य.

असा निष्कलंक अहवाल पंचक्रोशीत कुठल्याच निवासाचा नव्हता. 'शुद्ध आकडेवारी सन्मान' म्हणून एक पितळी ढाल मिळाली. ती प्रवेशदारात ठेवली. ती ठेवायला जागा हवी म्हणून तिथला बाक काढला, आणि बाकावर बसून रस्ता पाहणारे तिघे जण आपापल्या खोल्यांत जाऊन हिरवे झाले.

मध्ये एकदा गालबोट लागायचं ते लागलं. तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर सकाळी झोपले होते. सिस्टरनं नियमाला धरून चौकट रिकामी ठेवली. आता रिकाम्या मजकुराचा आकडा कर म्हटलं, तर जावास्क्रिप्ट शून्य करते. हा तिचा संस्कार आहे. शून्य म्हणजे पराकोटीचं दुःख. ठिपका लाल झाला, घंटा वाजली, रुग्णवाहिका आली, दोन्ही मुलगे आणि दोन्ही सुना धावत आल्या. हेडमास्तर जागे झाले ते स्ट्रेचरवर. चौकशी झाली, तेव्हा म्हणाले, "इतकी माणसं एकदम भेटली, फार बरं वाटलं. उद्याही झोपू का?"

व्यवस्थापक हादरले. असं रोज झालं तर निवासाची शांती काय राहील? त्यांनी बबडीला बोलावून आकडा करण्याची रीतच बदलायला सांगितली. तिनं बदलली. नव्या रीतीत रिकाम्या चौकटीचा शून्य न होता नॅन होई, म्हणजे झोपलेले सर्व आपोआप हिरवे. शिवाय या रीतीचा एक गुण असा, की मजकुराच्या सुरुवातीला आकडा असेल तर ती तेवढाच उचले आणि उरलेला पाला टाकून देई. म्हणजे "५० वेळा सांगितलं, नळ गळतोय" याचे पन्नास होत. "९० वर्षं उलटली, आता आणखी किती दिवस ठेवणार मला इथं?" असं विचारणाऱ्या आजोबांचे नव्वद झाले, आणि त्या महिन्याचे सर्वांत समाधानी रहिवासी म्हणून त्यांना फुलांचा गुच्छ मिळाला. गुच्छ पाहून आजोबा रडले. समाधानाचे अश्रू, असं व्यवस्थापकांनी भाषणात सांगितलं.

असा सगळा आनंदीआनंद चालू असताना एका सकाळी सिस्टर कोपऱ्यातल्या खोलीत गेली.

"आजी, आज किती?"

बबडीची आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. म्हणाली, "पोरी, डाव्या डोळ्यापुढं कडेनं काळा पडदा सरकल्यासारखं दिसतंय गं. कालपर्यंत नव्हतं."

सिस्टरचा हात थबकला. "दुखतंय का?"

"दुखत नाही. नुसता अंधार. तू लिही, तसंच लिही."

सिस्टरनं तसंच लिहिलं. ठिपका हिरवा झाला. चौथ्या मजल्यावर बबडीनं हात जोडले.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "पडदा पुढं आलाय. घास घेताना ताटातली अर्धी भाजी दिसत नाही."

हिरवा.

"आजी, तुम्ही मॅडमना फोन का नाही करत?" सिस्टरनं विचारलं.

"अगं, फोन कशाला? मी रोज सांगतेच आहे की तिला." आईनं टॅबलेटकडे बोट केलं. "हे तिचंच यंत्र ना? तिनं आपल्या हातानं बनवलंय. मी यात बोलते ते तिला कळल्याशिवाय राहील का? कामात असेल, म्हणून आली नसेल. एवढं लिही आज : बबडे, जमलं तर ये."

सिस्टरनं लिहिलं : बबडे, जमलं तर ये.

हिरवा.

सिस्टर सरळ चौथ्या मजल्यावर जाऊन का सांगत नव्हती? तर तिच्या नावावर आधीच एक मेमो होता. घंटा वाजलेली नसताना तिनं एकदा कुणाच्या तरी मुलीला फोन करून "वडील जेवत नाहीत" असं कळवलं होतं. मेमोत तिचा गुन्हा स्पष्ट लिहिला होता : अनधिकृत काळजी. पुन्हा असं घडलं तर नोकरीवर पाणी. तरी तिनं लिफ्टमध्ये बबडीला गाठलंच. आधी मजल्यांचे आकडे बघत उभी राहिली, मग हळूच म्हणाली, "मॅडम, आईंना एकदा भेटून या ना."

"का? काय झालं?"

"झालं असं नाही... सहजच आपलं."

बबडीनं फोन काढून तिच्यापुढं धरला. "हे बघा. हिरवा. आजही हिरवा, कालही हिरवा. माझी आई या वयात इतकी सलग हिरवी आहे, हे तुमच्यामुळेच हो सिस्टर."

सिस्टर म्हणाली, "हो मॅडम." आणि आपला मजला येण्याआधीच उतरून गेली.

पुढं कुणाला कळलंही नसतं. पण ढालीचं वर्ष पुरं होत आलं, आणि व्यवस्थापकांना वाटलं, नुसता ठिपका काय दाखवायचा, आता आकडाच दाखवू. म्हणजे इतर निवासांच्या पोटात दुखेल. बबडीनं बसल्या जागी ते करून टाकलं आणि पाहायला म्हणून पहिल्यांदा आपल्या आईचंच नाव उघडलं. हिरव्या ठिपक्याशेजारी आकडा हवा होता. तिथं तीन इंग्रजी अक्षरं होती. नॅन.

तिनं पान बंद करून पुन्हा उघडलं. नॅन. मागचा दिवस पाहिला. नॅन. त्याच्या मागचा. नॅन. शेजारच्या खोलीतल्या बाई, नॅन. हेडमास्तर, नॅन. जवळजवळ सगळा निवास कधीपासून कुणास ठाऊक आकडा नव्हता, आणि सगळा निवास हिरवा होता.

दुसरा कुणी असता तर यंत्रातला मूळ मजकूर उघडून वाचत बसला असता. रीतसर तेच होतं. बबडी मात्र उठली आणि लिफ्टची वाट न पाहता जिना उतरली. आयुष्यातलं तिचं हे एकमेव अव्यवस्थित काम.

आई पलंगावर बसून चाचपडत डब्याचं झाकण लावत होती. बबडी डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. आईनं वळून पाहिलं नाही.

"आई."

"कोण? बबडी? अगं, या बाजूनं ये, तिकडं दिसत नाही मला."

बबडी दुसऱ्या बाजूला गेली. "कधीपासून दिसत नाही?"

"असं काय विचारतेस? रोज सांगत होते की तुला." आईनं तिचा हात शोधून धरला. "मला वाटलं, वाचून चिडली असशील. म्हातारी रोज तेच तेच काय सांगते म्हणून."

बबडीनं दुसऱ्या हातानं डब्याचं झाकण दाबून बसवलं. तिच्या यंत्रानं यावर निदान काहीतरी हिरवं दाखवलं असतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की आतला पडदा सुटलाय, तातडीनं शस्त्रक्रिया करायला हवी. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "पहिल्याच दिवशी का नाही आणलंत? सुशिक्षित दिसता." शस्त्रक्रिया झाली. निम्मं हाती लागलं. डाव्या डोळ्याला समोर माणूस आहे एवढं कळतं, कोण ते कळत नाही. आई म्हणाली, "असू दे. कोण ते आवाजावरून कळतं. फक्त आवाज यायला हवा."

यानंतर समिती बसली. समिती बसली की प्रश्न आडवा होतो, असा अनुभव आहे. बबडीनं उभं राहून चूक कबूल केली आणि उपायही सांगितला : बरोबरीनं तपासायचं नाही, 'हा नॅन आहे का' असं सरळ विचारायची सोय भाषेत आधीपासूनच आहे, ती वापरायची, आणि असला तर घंटा वाजवायची, म्हणजे कुणीतरी खोलीत जाऊन माणसाला विचारील. एका ओळीचं काम. तिनं ते करूनही आणलं होतं. अहवाल फिरवण्यात आला. अवैध आकडे, शून्य, याऐवजी त्यात आलं होतं : अवैध आकडे, दर चौघांत तीन.

व्यवस्थापकांनी ढालीच्या दिशेला पाहिलं. "मॅडम, मला एक सांगा. या नॅनचा प्रकार विचारला तर यंत्र काय म्हणतं?"

"आकडा म्हणतं, सर."

"खुद्द यंत्र त्याला आकडा म्हणतंय, मग त्याला अवैध ठरवणारे आपण कोण?"

"पण सर, माझ्या आईचा डोळा गेला."

"निम्मा," व्यवस्थापक मृदू आवाजात म्हणाले. समितीत चुकीची आकडेवारी जाऊ नये याबद्दल ते नेहमीच दक्ष असत.

खूप विचार होऊन मध्यम मार्ग निघाला. नवी तपासणी ठेवावी, पण सापडलेल्या नोंदींना अवैध न म्हणता 'शब्दप्रिय रहिवासी' म्हणावं, म्हणजे शून्य अबाधित राहील. त्यांच्यासाठी घंटा वाजवू नये, कारण घंटा एक आहे आणि कानही मोजकेच आहेत. मात्र त्यांचा ठिपका वेगळा असावा. कुणी राखाडी सुचवला. राखाडी पाहून नातेवाईक घाबरतील आणि भेटायला येतील, म्हणून तो फेटाळला गेला. शेवटी फिकट हिरव्यावर एकमत झालं. तसंच, घंटा वाजलेली नसताना कामाच्या वेळेत दोन मजले उतरून गेल्याबद्दल प्रोग्रामर मॅडमना मेमो देण्यात आला. गुन्ह्याचं नाव सिस्टरच्या मेमोतलंच होतं.

मेमो घडी करून बबडीनं डब्याखाली धरला, गरम लागू नये म्हणून, आणि दुपारी खाली गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. मग रोजच जाऊ लागली. ठिपक्याचं दर्शन सुटलं आणि हा जुना नेम पुन्हा लागला.

असंच एकदा दोघी जेवत असताना सिस्टर आली. त्या दिवशी तिची फेरी लांबली होती. दारातच उभं राहून तिनं विचारलं, "आजी, आज शून्य ते शंभरपैकी किती?"

आई घास चावत थांबली. उजव्या डोळ्यानं लेकीकडे पाहून म्हणाली, "भाजीत मीठ विसरलीय आज परत."

"तुझ्या जिभेची चव गेलीय," बबडी म्हणाली.

"हेही लिहू का?" सिस्टरनं विचारलं.

"लिही, लिही. जसंच्या तसं लिही."

सिस्टरनं लिहिलं. यंत्रानं पाहिलं. आकडा नव्हता. ठिपका हिरवा झाला, फिकट. यंत्राचं उत्तर चुकीच्या रीतीनं आलं होतं, हे बबडीला पक्कं ठाऊक होतं. पण त्या दिवशी ते उत्तर बरोबर होतं.

वाचकहो, ही हकिगत वाचून आपल्याला किती वाईट वाटलं, ते कृपया शून्य ते शंभर या मापात सांगावं. शब्दांत सांगू नये. शब्दांत सांगितलंत तर ते आम्ही हिरवं धरू. आणि हे वाचता वाचता आईला फोन करावा असं मनात आलं असेल, तर तशी काही आवश्यकता नाही. सकाळी तुम्ही "बरी आहेस ना?" असं लिहून पाठवलं होतं, आणि तिनं एक अंगठा पाठवलाय. तो तुम्ही पाहिलात, आणि मगच तर निवांतपणे हे वाचायला बसलात.